मधली जागा

दादाच्या जागी आता कोण?

टीमच्या ग्रुपवर मी एवढंच टाकलं होतं. सगळ्यांनी वाचलं.

दादा एका रविवारी नदीकाठच्या मैदानावर खेळता खेळता कोसळला. हार्ट. गेला. अजून महिनाही झाला नाही. इथे जपानात, ओजिमातल्या आमच्या फ्लॅटच्या दारात तेव्हापासून बुटांचा ढीग असतो. जो येतो तो एक किस्सा ठेवून जातो. आणि दादाचा म्हणून सुरू झालेला किस्सा शेवटी क्रेगचाच निघतो!

क्रेग आमच्या फुटबॉल टीमचा कोच. स्कॉटलंडचा, एकेकाळचा प्रोफेशनल मिडफिल्डर. दादा त्याचा भक्त. ऑफिसात सगळे दादाचं ऐकायचे, पण क्रेगच्या गोष्टी तो घरी येऊन मलाच सांगायचा. मी दहावी नापास, इथल्या एका हॉटेलात तंदूरवर रोट्या लावतो.

*

क्रेग लहानपणापासून एका मोठ्या क्लबात. एकोणिसाव्या वर्षी मॅनेजरने बोलावलं, चहा पाजला आणि म्हणाला, "पोरगा चांगला आहेस तू." झालं! क्लबातून बाहेर.

घरी येऊन त्याने वडिलांना सांगितलं. वडील छपरावर होते.

"बरं झालं आलास. शिडी धर."

*

मग खालच्या डिव्हिजनमध्ये या गावातून त्या गावात. एका क्लबात पोचला, तर ज्याने बोलावलं होतं त्या मॅनेजरलाच सकाळी काढलेलं. नव्या मॅनेजरला वाटलं हा व्हॅनचा ड्रायव्हर. सगळं सामान उतरवून घेतलं त्याच्याकडून.

"मग तू सांगितलं का नाहीस?" दादाने विचारलं.

"मिडफिल्डर होतो ना. मधे राहून इकडचं तिकडे पोचवायचं, आमचं काम तेच."

*

मग जपान. पहिली मॅच हरले. कॅप्टनने सगळ्यांना प्रेक्षकांपुढे रांगेत उभं केलं आणि कमरेत वाकवलं. क्रेगला वाटलं, माफी मागतायत. मागितली.

पुढची मॅच जिंकले. परत रांग!

"आता कशाबद्दल?" क्रेग ओरडला.

कॅप्टन म्हणाला, "क्रेग-सान, आधी वाका."

*

गुडघा गेला, करार संपला. बायको इथलीच, म्हणून राहिला. मुलांना फुटबॉल शिकवतो. आमची टीम त्याला फुकटात मिळाली! पहिल्या दिवशी सगळे स्ट्रायकर. गोलकीपरसुद्धा पुढे. दादा उशिरा पोचला, मधे जागा रिकामी दिसली, तिथे उभा राहिला.

"तू माझ्यासारखा," क्रेग म्हणाला.

दादाने हे घरी प्रमोशन झाल्यासारखं सांगितलं. मी म्हटलं, "अरे, त्याचं करिअर संपलंय!"

"म्हणून तर रविवारी मोकळा असतो!"

*

त्या मातीच्या मैदानाचा नियम आहे. खेळ झाला की लांब दांड्याला लावलेली आडवी फळी ओढून माती सारखी करायची, मग रांगेत उभं राहून मैदानाला वाकायचं. मधला भाग नेहमी क्रेग आणि दादा करायचे.

दादा पडला त्या दिवशी सगळे अॅम्ब्युलन्समागे धावले. मैदान तसंच राहिलं. सोमवारी क्रेग माफी मागायला गेला. तिथल्या म्हाताऱ्या रखवालदारांनी मैदानाला साखळी लावून ठेवली होती, आमची टीम येईपर्यंत तिथे कोणी खेळू नये म्हणून.

पुढच्या रविवारी टीम जमली. मीही गेलो, किचनच्याच कपड्यांत. स्ट्रेचरच्या चाकांच्या रेघा मधोमध तशाच होत्या. क्रेग फळीचा दांडा धरून उभा. पाय उचलेना.

मी दांडा ओढून घेतला.

"अरे, राहू दे. तुला नाही जमणार," कोणीतरी म्हणालं.

"गप बस!"

कडेपासून सुरुवात केली. मधे पोचलो तेव्हा क्रेग हळूच म्हणाला, "एवढं राहू दे."

मी थांबलो नाही. रेघांवरून फळी ओढली, पुन्हा ओढली. माती सारखी झाली.

मग सगळे रांगेत उभे राहिले. क्रेगच्या शेजारी एक जागा सुटली होती. मी तिथे जाऊन उभा राहिलो आणि वाकलो.