घरातली दुसरी मंदा

सकाळचे साडेसात. तव्यावर पोळी, आणि मी लेकीची, ईशाची, एक जँडल, म्हणजे इथली रबरी चप्पल, सोफ्याखालून ओढत होते. तेवढ्यात दार वाजलं. इथे परदेशात, जॉन्सनव्हिलमध्ये, या वेळी दार वाजवणारा माणूस एकच, शेजारचे विश्वनाथकाका.

काका तिकडे मायदेशी नगरपालिकेत जन्म-मृत्यू नोंदणीचे कारकून होते, छत्तीस वर्षं. २०१२ला मुलाकडे, सचिनकडे, राहायला आले आणि इथे कुणी मेल्याची खबर घेऊन येईना म्हणून त्यांना करमेना. शेवटी लायब्ररीत प्राचीन ग्रीकांच्या थडग्यांवरच्या लेखांचं पुस्तक सापडलं. तेव्हापासून आमच्या चहाला रोज एक मयत.

"आजोबा, हू डाइड टुडे?" ईशाने तोंडात ब्रश ठेवूनच विचारलं.

"निकारेटे!" काकांनी पुस्तक थेट पोळपाटावर उघडलं. "बघ दीप्ती. अमक्याची मुलगी, तमक्याची बायको. तेवीसशे वर्षं झाली, पण नोंद चोख."

"काका, पीठ लागतंय पानाला."

"लागू दे. बापाचं नाव आलं, नवऱ्याचं आलं. पण हिचं नाव हिचंच ठेवलंय गं."

आणि ते बसले. चहा मागितला नाही. हे नवीनच होतं.

काकू जुलैत गेल्या. त्यांच्या फिरायच्या वाटेवर सचिन त्यांच्या आठवणीसाठी एक बाक बसवतोय, त्यावर त्यांच्या नावाची छोटी पाटी.

"पाटीचा मजकूर आज कोरायला जाणार," काका म्हणाले. "सुशीला म्हणून."

"मग? काकूंचंच नाव ना?"

"मी ठेवलेलं. लग्नात, ताटातल्या तांदळावर अंगठीने लिहून. माहेरची ती मंदा. पण माझी बहीणही मंदा. एका घरात दोन मंदा म्हणजे रेकॉर्डला घोळ."

"बायको आणत होतात की फाईल?"

"नोकरी नवीन होती गं," काका ओशाळले. "मी तर जन्मभर 'अगं'च म्हणालो. शेवटी हॉस्पिटलात नर्सने तीनदा 'सुशीला' पुकारलं. ही शेजारीच, ढिम्म. म्हटलं, अगं, तुला बोलावतायत. तर म्हणते, 'हो की, ते मीच नाही का.' चव्वेचाळीस वर्षांनी!"

पोळी करपली. मी गॅस बंद केला.

"सचिनला सांगा ना मग."

"काय सांगू? तुझ्या आईचं नाव मीच खोडलं? माझ्याच्याने व्हायचं नाही." त्यांनी पुस्तकावरचं पीठ झटकलं. "तू फोन कर. पाटीवर मंदा लिहायला सांग."