गाठीला उपाशी मारायचा बेत

मी नववी-दहावीला विज्ञान शिकवतो, हाच सगळा घोटाळा. दुसऱ्या कुणाच्या आईला स्तनाचा कर्करोग झाला असता, तर त्याने गुमान डॉक्टरांचं ऐकलं असतं. मी मोबाईलवर वाचलं, की कर्करोगाच्या पेशींना वाढायला अमिनो आम्लं लागतात. झालं! अमिनो आम्लं प्रथिनांत, प्रथिनं डाळी-दुधात. पुढची केमो तीन आठवड्यांवर होती. तोवर गाठीला उपाशी मारायची, असं मी बायकोला जाहीर केलं आणि बंदी असलेल्या पदार्थांची यादी खडूने स्वयंपाकघराच्या भिंतीवर लिहून टाकली.

आता आमच्या तापीकाठच्या गावात आजाऱ्याला भेटायला कुणी रिकाम्या हाताने येत नाही. म्हणून मी शाळेतून आलो की दारासमोरच्या ओट्यावर खुर्ची टाकून पिशव्या तपासायचो. पपई, जाऊ द्या. शेंगदाण्याचे लाडू, जप्त. एका मावशीच्या पदराखालून मी बेसनाच्या पाटोड्यांच्या आमटीचा डबा काढला, तर ती भडकलीच. "आरे, तू मास्तर शे का पोलीस?"

अन्न टाकवत नाही, म्हणून जप्तीचा माल मीच खायचो. आई भात आणि पपईवर होती.

केमोच्या दिवशी काट्यावर आईचं वजन पाच किलो कमी भरलं. माझं बघायची कुणी तसदी घेतली नाही, देवाची कृपा. डॉक्टरीणबाईंनी केमो पुढे ढकलली. एवढ्या अशक्तपणात औषध सोसणार नाही म्हणाल्या. काय खातात, असं त्यांनी विचारल्यावर मी छाती फुगवून माझा सिद्धांत मांडला, अगदी चयापचयासकट.

त्यांनी आईचा सुरकुतलेला दंड उचलून दाखवला. "सर, बाहेरून मिळालं नाही तर शरीर स्वतःचे स्नायू मोडतं. त्यातली अमिनो आम्लं गाठही घेते. असे प्रयोग चाललेत, पण ठरावीक अमिनो आम्लावर, औषधाच्या जोडीने आणि डॉक्टरांच्या नजरेखाली. आधी यांना वरण द्या."

लाजेने माझं तोंड काळवंडलं. कँटीनमध्ये आईने दोन वाट्या वरण घटाघट संपवलं. ते बघून मला रडू फुटलं आणि मी उलट तिच्यावरच खेकसलो. "अगं, एवढी भूक होती तर चोरून खायचं ना!"

"तुन्ही बायको रोज देत व्हती," आई वाटी पुसत म्हणाली. "मीच नही खादं. मन्हा पोऱ्या माले वाचाडाले एवढं करस, मंग मी कशी खाऊ?"