शुक्रीचं नख

नाब्लुसच्या जुन्या वस्तीतल्या साबणाच्या कारखान्यात शुक्री अबू हाझिम अडतीस वर्षं मनोरे रचत होता. कढईतून जमिनीवर ओतलेला ऑलिव्ह तेलाचा साबण थिजला की कापायचा, शिक्का मारायचा आणि वड्यांचे पोकळ मनोरे उभे करायचे, म्हणजे मधून वारा फिरतो. रचण्याआधी शुक्री एका वडीत अंगठ्याचं नख रुतवायचा आणि कॉफी पिऊन यायचा. तोवर खूण भरून आली असली, तर त्या दिवशी रचणं बंद.

मालकाचा पुतण्या वद्दाह शिकून आला, त्याच वर्षी अम्मानच्या व्यापाऱ्याची मोठी मागणी आली. वद्दाहने दुसऱ्याच दिवशी मनोरे रचायला सांगितलं.

शुक्री म्हणाला, "वरून वाळलाय. आतून अजून चालतोय."

"साबण चालतो? मग त्याला बूट आणू का, काका?"

माणसं हसली. शुक्रीही हसला, पण वडीला हात लावेना. वद्दाहने त्याला वड्यांना कागद गुंडाळायला बसवलं आणि म्हणाला, की महिन्याभरात मनोरे पडले नाहीत तर रचायची जागा कायमची गेली.

कामगार संघटनेकडून मी वद्दाहशी भांडायला गेलो. शुक्रीनेच मला दंडाला धरून बाहेर काढलं. म्हणाला, भांडून साबण लवकर वाळतो का? मला त्याचा राग आला. अजून येतो.

मनोरे पडले नाहीत. महिना झाला तशी वद्दाहने शुक्रीची जागा दुसऱ्याला देऊन टाकली. शुक्री कागद गुंडाळत राहिला. पण तोवर मनोऱ्यांना खाली पोट सुटलं होतं. वरच्या ओझ्याने खालच्या वड्या रोज केसभर बसत गेल्या, एकमेकींना चिकटल्या, वारा कोंडला. शिक्क्यावरची अक्षरं लांबट झाली. अम्मानच्या व्यापाऱ्याला तो शिक्का ओळखीचा वाटेना. माल नकली म्हणून त्याने सगळा परत पाठवला.

मालक स्वतः गुंडाळणीच्या खोलीत आला आणि शुक्रीला म्हणाला, की उद्यापासून वर मनोरे रचायला ये. शुक्री म्हणाला येतो, पण नख वद्दाहचं.

दुसऱ्या दिवशी वद्दाहने सगळ्यांदेखत वडीत नख रुतवलं. दोघांनी कॉफी घेतली. मग वद्दाह उकिडवा बसून बराच वेळ बघत राहिला.

"भरलीय," तो म्हणाला.

त्या दिवसापुरता शुक्री परत कागद गुंडाळायला गेला.