अळ्या वेचायची शिक्षा

माझ्या साळ्याइतका शिस्तीचा माणूस बुलढाणा जिल्ह्यात झाला नाही, अन् होऊही नये. आमच्या वावराला लागून असलेल्या शेतकी कॉलेजच्या होस्टेलवर तो रेक्टर होता. पोरांच्या चपला फुटपट्टी लावून सरळ करी, अन् कोणी खोकललं तरी "कोण बे तो?" म्हणून धावे. आमच्याकडं जेवायला आला, की मीठ उजवीकडं वाढलं म्हणून माझ्या बायकोला, म्हणजे सख्ख्या बहिणीला, समज देई. ती म्हणे, "गप जेव, नाहीतर उपाशी राह्य." मग जेवे.

दंगेखोराला त्याची शिक्षा एकच, कॉलेजच्या कपाशीतल्या अळ्या हातानं वेचायच्या. पण अळी न लागणारं बीटी बियाणं आलं, अळ्या गेल्या, अन् साळ्याचं तोंड उतरलं. "भाऊजी, आता पोट्ट्यायले कायचा धाक दाखवू?" बीटीच्या थैलीत साध्या कपाशीची बारकी पुडी यायची, कडेनं पेरायला. लोक ती फेकून देत. माझ्या बायकोनं बियाणं कधी फेकलं नाही, ती पुडी बांधानं पेरली, म्हणून अळ्या उरल्या त्या आमच्याच बांधाला. साळ्यानं गुन्हेगार तिकडं धाडले.

बायकोनं त्यांना ज्वारीची भाकर अन् ठेचा वाढला. झालं! मेसच्या पाणचट वरणाला विटलेली पोरं मुद्दाम भिंतीवरून उड्या मारू लागली. एकानं तर साळ्याच्या दारात शिट्टी वाजवली अन् म्हणे, "सर, मीच वाजवली. लिहून घ्या." प्राचार्यांनी साळ्याला बजावलं, दिवाळीपर्यंत दंगे थांबले नाहीत तर रेक्टरकी काढतो. ती गेली असती तर हा माणूस आठ दिवसांत वाळला असता.

साळा तपासाला वावरात आला, तर बारा गुन्हेगार पंगतीत. बहीण म्हणाली, "उभा काऊन? बस." बसला, तीन भाकरी हाणल्या, अन् उठताना नियमच फिरवला. आठवडाभर नीट वागेल त्यालाच अळ्या वेचायला मिळतील; दंगेखोरानं मेसात जेवायचं. दिवाळीच्या आधीच होस्टेलात चिडीचूप. रेक्टरकी वाचली.

पुढच्या कपाशीच्या हंगामात बायको वारली. त्यावर मला लिहिता येत नाही, तेवढा शिकलो नाही. साळ्याला सांगितलं, "पोरं पाठवू नको, वाढणारी राह्यली नाही."

तरी रविवारी आठ पोरं आली, मागून तो. मी भाकरी थापल्या. एकीकडून करपल्या, दुसरीकडून कच्च्या. एक पोरगं तोंड वाकडं करणार, तोच साळ्यानं डोळे वटारले. आपली भाकर शेवटच्या तुकड्यापर्यंत चावली अन् ताट पुढं केलं.

"भाऊजी, अजून अर्धी वाढा."