बोटीवर चढलेली बाई

आमच्या गावात इंग्रजी सिनेमा कळायला इंग्रजी लागत नसे, माझे पप्पा लागत. महिन्यातून एकदा, रविवारी दुपारी, चर्चच्या हॉलच्या खिडक्यांना गोणपाटं लावून फादर जुने काळे-पांढरे हॉलिवूडचे सिनेमे दाखवत. पप्पा गावच्या शाळेत मास्तर होते. आदल्या दिवशी ते फादरांबरोबर बसून सगळा सिनेमा बघून घेत, वहीत टिपणं काढत आणि रविवारी पडद्याशेजारी माईक घेऊन उभे राहत. पडद्यावरचे लोक इंग्रजीत बोलत आणि पप्पा आमच्या घरच्या बोलीत. याला गावात ‘खुलासा’ म्हणत. मास्तरांचा खुलासा ऐकायला पार नायगावहून माणसं यायची. सिनेमा कोणता आहे हे कोणी विचारत नसे, मास्तर आहेत ना, एवढंच विचारत. चुंबनाची वेळ आली की फादर प्रोजेक्टरसमोर रुमाल धरत आणि तेवढ्या अंधारात पप्पा हवापाण्याबद्दल बोलत.

त्यातला एक सिनेमा मी गेल्या महिन्यात पुन्हा बघितला. बेचाळीस वर्षं मी त्या सिनेमावर आणि पप्पांवर दात धरून होते. माझं आयुष्य त्या दुपारी त्यांनी परस्पर ठरवून टाकलं, अशी माझी खात्री होती.

गोष्ट तशी साधी. अमेरिकेतलं समुद्रकाठचं छोटं गाव. आईबाप नसलेली एक मुलगी, तिला वाढवणारा सज्जन काका, आणि दीपगृहाचा दिवा दुरुस्त करायला आलेला एक परका तरुण. मुलगी त्याच्या प्रेमात पडते. तेवढ्यात गावच्या म्हाताऱ्या डॉक्टरचा खून होतो आणि रक्ताने माखलेला हातमोजा त्या तरुणाच्या कोटात सापडतो. काका पहिल्यापासून सांगत असतो, परक्यावर विश्वास ठेवू नकोस. शेवटी खुनी निघतो तो हा काकाच. मुलगी त्या तरुणाबरोबर बोटीत बसून गाव सोडते.

पप्पांच्या खुलाशात मात्र खून त्या तरुणानेच केला होता. पोलीस काकाला घेऊन जातात, तेव्हा पप्पा म्हणाले, “काका फौजदाराला समदं दाखवाया चालला.” आणि ती दोघं बोटीवर चढली, त्यांच्यामागून आणखी एक प्रवासी चढला, तेव्हा म्हणाले, “मागचा तो साध्या कपड्यातला शिपाई हाय. खुन्याला पकडून नेतान. पोरगी साक्ष द्याया चालली.” साक्ष द्यायला निघालेली बाई आरोपीचा हात धरून हसत हसत का जाते, असं एकानेही विचारलं नाही. मास्तर सांगतात म्हणजे तसंच असणार. पुढे कित्येक वर्षं एखादी मुलगी नटूनथटून निघाली की गावातल्या बायका तिला विचारत, “काय गं, साक्षीला चालली?” सगळ्या हसत. मला कधी हसू आलं नाही.

कारण तो खुलासा माझ्यासाठी होता. मी तेव्हा वसईच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला होते, विषय इंग्रजी. विरारला खोली घेऊन राहणारा, टेलिफोन खात्यातला एक तरुण माझी वाट बघायचा. मूळचा रत्नागिरीकडचा, हिंदू, बोलायला गोड. त्याची बदली नागपूरला झाली होती. “नोंदणी करून लग्न करू. तुझा देव तुझा, माझा माझा. सोमवारी सांग, येतेस की नाही,” एवढंच तो म्हणाला होता. घरी मी अक्षर काढलं नव्हतं. पण त्या रविवारी पप्पा माईकमध्ये म्हणाले, “गोड बोलनारा परका मानूस आधी मन जिंकतो, मंग घर बुडवतो,” आणि हे म्हणताना ते पडद्याकडे नाही, तिसऱ्या बाकावर माझ्याकडे बघत होते. त्यांना कोणी सांगितलं होतं, ते मला आजही ठाऊक नाही.

सोमवारी स्टेशनबाहेर मी त्याला नाही म्हणाले. कारण दिलं नाही. त्याने दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा विचारलं नाही. आठवड्याच्या आत तो गेला. पुढे स्थळं आली, प्रत्येकात मी काहीतरी खोड काढली, आणि मग स्थळं यायची थांबली. शाळेत इंग्रजी शिकवता शिकवता मी निवृत्त झाले.

पप्पांशी मी भांडले असते तर बरं झालं असतं. मी त्याहून वाईट केलं. जेवण वेळेवर वाढलं, औषधं आणली, दर रविवारी चर्चमध्ये मिस्साला त्यांच्याबरोबर गेले. पण बोलले ते कामापुरतं. ते माईक घेऊन उभे राहिले की मी उठून हॉलबाहेर जायची, सगळ्यांना दिसेल अशी. तीन-चार महिने असं चाललं. मग पप्पांनी फादरांना सांगितलं, घसा बसलाय. तो घसा पुन्हा कधी सुटला नाही. गावाने विनवण्या केल्या, नव्या फादरांनी घरी येऊन गळ घातली. पप्पा नुसते गळ्याला हात लावून दाखवायचे. शाळेत शिकवताना मात्र त्यांचा आवाज रस्त्यापर्यंत यायचा.

आता आम्ही दोघं बोळिंजला चौथ्या मजल्यावर राहतो. आई जाऊन वीस वर्षं झाली. पप्पा नव्वदीचे आहेत, डोकं लख्ख, पण कान गेले आणि डोळेही अधू झाले. कानाचं यंत्र डबीत ठेवतात, टिकावं म्हणून. सिनेमाचं नाव मला माहीत नव्हतं. पप्पा नावं सांगतच नसत. फोनवर शोधता शोधता एका चित्रात ते दीपगृह दिसलं आणि मी ओळखलं. मला पुरावा हवा होता. त्यांच्यासमोर तो सिनेमा लावायचा आणि म्हणायचं, बघा, काय होतं आणि तुम्ही काय सांगितलंत.

एका शनिवारी दुपारी मी त्यांना टीव्हीसमोर बसवलं. त्यांना ऐकू येईना, पडद्याखालची अक्षरं दिसेनात. म्हणजे खुलासा मलाच करावा लागणार होता. देवाची करणी आणि नारळात पाणी! मी खुर्ची ओढून त्यांच्या कानाशी बसले आणि एकेक वाक्य मोठ्याने सांगू लागले. खरं खरं, शब्दाला शब्द. पप्पा हूं हूं करत ऐकत होते. हातमोजा सापडला तेव्हा मी मुद्दाम म्हणाले, “हा त्याच्या कोटात दुसऱ्या कोणीतरी ठेवलाय.”

मग धक्क्यावरचा प्रसंग आला. बोट सुटायला आलेली, ती मुलगी त्या तरुणासमोर उभी राहते आणि म्हणते, माझा तुझ्यावर विश्वास आहे. इंग्रजीत तीन शब्द. पाचवीच्या पोरालाही कळतील असे. ते सांगायला मी तोंड उघडलं आणि तिथेच थांबले. ते शब्द मला नवे नव्हते. पप्पा माईकवर साक्षीचं सांगत होते, तेव्हा त्यांच्या आवाजाखालून मला ते ऐकू आले होते. ऐकू आले होते आणि कळलेही होते. काकाने दिलेली कबुलीही कळली होती. कॉलेजात मी इंग्रजी नाटकं वाचत होते, मला कोण फसवणार? त्या हॉलमध्ये खरी गोष्ट फादर, पप्पा आणि मी, अशा तिघांना माहीत होती. पण मला नागपूरची भीती वाटत होती. अनोळखी घराची, त्या घरच्या देवांची, आपल्या माणसांशिवायच्या नाताळची. पप्पांनी नाही म्हणायला एक कारण हातात दिलं, मी ते मुकाट्याने घेतलं आणि दोष त्यांच्या माथी मारून मोकळी झाले. मी हे इतक्या लवकर विसरले की पप्पांनीच मला अडवलं, हे पुढे मलाच खरं वाटू लागलं.

मी गप्प झालेली बघून पप्पा म्हणाले, “रव्हू दे. पुढचं मना ठाव हाय. त्या पोरानं काय नाय केलं. तवापन ठाव होतं.” मग मांडीवरचे हात बघत म्हणाले, “दर कुमसाराला फादरापुढं यंच पाप सांगतो. पाच-सा फादर बदलले. समदे माफ करतान. पन तुना सांगाया धीर झाला नाय.”

“मला तेव्हाच कळलं होतं,” मी म्हणाले.

“काय?” त्यांनी कान पुढे केला.

मग मी ओरडले. शेजारच्या फ्लॅटमध्ये ऐकू गेलं असणार. “मला तेव्हाच सगळं कळलं होतं, पप्पा! मला इंग्रजी येत होतं! मीच घाबरले होते!”

ते माझ्याकडे वळले. चेहऱ्यावर राग नव्हता, राग असता तर मला सोसला असता.

“मंग येवडी वर्सं मना गुन्हेगार कशाला ठेवला?”

त्या तरुणाला गमावल्याचं दुःख मी बेचाळीस वर्षं पुरवून पुरवून केलं. पप्पांचा आवाज मी बंद केला, त्याचं दुःख करायला आत्ता कुठे सुरुवात झालीय, आणि पप्पा नव्वद वर्षांचे आहेत.