तांदळात लिहिलेलं नाव
तांदळाची नवी पिशवी फोडली, की त्या कोरड्या, पिठूळ वासासरशी मी अजूनही घमापुरातल्या सासरच्या बैठकीत जाऊन बसते. लग्नानंतरचं लक्ष्मीपूजन नुकतंच आटोपलं होतं. उदबत्तीच्या धुराने डोळे चुरचुरत होते, मुंडावळ्या कपाळाला टोचत होत्या आणि समोर तांदळाचं ताट होतं. सासूबाईंनी माझ्यासाठी निवडलेलं नवं नाव नवरा अंगठीने त्यात लिहायला बसला होता. त्याच्याबरोबर मला कॅनडात कायमचं राहता यावं म्हणून जो अर्ज जाणार होता, त्याला लग्नाचा पुरावा म्हणून हेच फोटो जोडायचे होते. अर्जाचं काम बघणाऱ्या एजंटाने बजावलं होतं, पासपोर्टवरच्या नावाशिवाय दुसरं नाव कुठेही दिसलं, तर तिकडचे अधिकारी लग्नच खोटं ठरवतील. मी हळूच म्हटलं, "हे नाव फोटोत नको." त्याचा हात थांबला. "काहून थांबला रे? लिही ना," सासूबाई म्हणाल्या. त्याने लिहिलं. "दीदी, इधर देखिए," म्हणत फोटोवाल्याने कॅमेरा डोळ्याला लावला, तसं मी तळहाताने ते नाव पुसून टाकलं. "हे काय करून राहिली तू?" सासूबाई ओरडल्या. "आपल्याच हातानं सौभाग्य पुसलं!" पुढे कायमच्या वास्तव्याचं, पीआरचं कार्ड आलं, माझ्या जुन्याच नावाचं. पण इथे बर्फ पडत असताना नवऱ्याला घरी यायला उशीर झाला, की मी तांदळाच्या डब्यात बोटाने ते दुसरं नाव लिहिते, आणि तो येईपर्यंत डब्याला हात लावत नाही.