घरात आणखी कोणाला?

१९९४ साल, माझं वय साठ. पेणला रामवाडीत डोळ्यांच्या दवाखान्यात एक नर्सबाई होती. तुमच्यापैकी कोणी तिथे गेला असाल तर तुमचीही हनुवटी तिने धरली असेल. डोळ्यांत थेंब घालायची आणि विचारायची, "घरात आणखी कोणाला?" बापाकडचं विचारायची, आईकडचं विचारायची. लोक म्हणत, "बाई डोळे बघते का सोयरीक जुळवते?" ती हसायची, पण उत्तर मिळाल्याशिवाय हनुवटी सोडायची नाही.

मला काचबिंदू निघाला. डावा डोळा कडेकडेने गेलेला. मी खाडीकाठचा, जन्म मिठागरात काढला. म्हटलं, "मिठाची चमक, दुसरं काय. बाप आंधळा होऊन गेला, चुलतापण."

"बाजूच्या मिठागरातले किती आंधळे झाले, बाबा?"

आठवून बघितलं. एकही नाही.

"बहीण आहे?"

"रोह्याला दिली. भातशेती. मिठात कधी उतरली नाय."

"तिला नीट दिसतं?"

गणपतीला आली तेव्हा दारातल्या कळशीला अडखळून पडली होती. मीच ओरडलो होतो, "आंधळी हायस काय गो?"

हे बाईला सांगितलं नाही. उलट चिडलो. "म्हणजे आमचं रक्तच खराब म्हणता?" तिने दिलेली औषधाची बाटली टेबलावर ठेवली आणि निघालो. शिकलो दोन यत्ता, पण कोणाचं ऐकून घ्यायची सवय नाही.

बाई बाटली घेऊन फाटकापर्यंत मागे आली. "खराब कोण म्हणतंय? बापाने नाक दिलं, तसा हा धोकाही दिला असेल. बहिणीला असेलच असं नाही, पण बघायला हवं. गेलेली नजर येत नाही, बाबा. उरलेली राखता येते." आणि बाटली माझ्या खिशात घातली.

बहिणीलाही तेच निघालं, पण वेळेत. आज ती सुनेचा हात न धरता विहिरीवर जाते, आणि मी हे माझ्या हाताने लिहितोय. बाईची कधीच बदली झाली. तिने माझं अख्खं घराणं विचारून घेतलं, मी तिचं नावही विचारलं नाही.

त्या दिवशी फाटकात तिला हो म्हटलं नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या एसटीने रोहा गाठलं. बहीण अंगण सारवत होती. मला बघून तिचा हात थांबला.

"दादा, एवढ्या सकाळी? कोण गेलं?"

"कोणी नाय गेलं गो. हात धू, लुगडं बदल. पेणला जायचंय."